अठ्ठावन्न पूर्णांक सहा

माझा मोजपाट सागवानी आहे. दीड मीटर लांब, मधोमध पन्हळीसारखा खोलगट, आणि एका टोकाला पितळेची उभी पट्टी. माशाचं तोंड त्या पट्टीला टेकवायचं, शेपूट सरळ करायची आणि आकडा वाचायचा. एवढं साधं काम आमच्या खारवेळी गावात माझ्याशिवाय कुणाला धड जमत नाही असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी कधी लपवून ठेवलं नाही.

मी श्रीरंग ताम्हाणे. जन्मभर जमीन मोजणीची नोकरी केली. भावाभावांच्या बांधांचे तंटे मोजून दिले. ते मिटले की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक. रविवारी मात्र गळ घेऊन गरवायला जायचो. जिवंत बोय मासळी आमिष म्हणून गळाला लावायची आणि खाडीच्या तोंडाशी तासन्‌तास बसायचं, हा रायगडच्या किनाऱ्यावरचा जुना नाद आहे. त्यात आम्हा कायस्थांना जिताडा म्हणजे जीव की प्राण. शिवाय जिताडा हा नुसता खायचा मासा नाही, तो मानाचा मासा आहे. साखरपुडा ठरला की व्याह्यांकडे जिताडा जातो, अडलेलं काम झालं की साहेबांकडे जातो. जेवढा जिताडा मोठा तेवढा मान मोठा.

२०२९ साली आमच्या हौशी गरवे मंडळात मी 'साठचा नियम' आणला. साठ सेंटिमीटरच्या आतला जिताडा पाण्यात परत सोडायचा, मोठाच तेवढा घरी न्यायचा. लहानग्यांना वाढायला संधी द्या, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि त्यात कुणाला खोट काढता आली नाही. 'साठच्या आत, परत पाण्यात' अशी पाटी मी जेट्टीवर स्वतः रंगवली. यमकही माझंच. प्रत्येक माशाची नोंद वहीत ठेवायचं कामही मीच अंगावर घेतलं.

त्याच वर्षी मे महिन्यात हिराजी नाखवा एक जिताडा घेऊन माझ्या पाटाशी आले. कोळीवाड्यातले. होडी पोटासाठी, पण सुट्टीच्या दिवशी आमच्यासारखेच हौसेने गरवणारे, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर आलेली मुलगी रिद्धी दहावीला केंद्रात पहिली आली होती आणि घरी सगळा कोळीवाडा जेवायला यायचा होता. मासा मी पाटावर ठेवला. अठ्ठावन्न पूर्णांक सहा.

"साहेब, पोरीचा निकाल हाय आज," हिराजी हळूच म्हणाले.

"माप म्हणजे माप," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे रांगेत उभे राहतील."

हिराजींनी मासा उचलला आणि पायरीवर बसून पाण्यात सोडला. मग त्यांनी आपली गरवायची काठीसुद्धा पाण्यात टाकली आणि मुलीचा हात धरून निघून गेले. त्यानंतर ते जेट्टीवर कधी आले नाहीत. मी वहीत नोंद केली आणि पुढचा मासा घेतला. मला त्या वेळी फार कर्तव्यदक्ष वाटलं होतं, हे कबूल करतो.

*

बावीस वर्षांनी, २०५१ च्या एप्रिलमध्ये, रिद्धी नाखवा आमच्या दारात उभी राहिली. आता डॉक्टर रिद्धी, समुद्रजीवांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. तिच्या हातात शिवणयंत्राच्या पेटीएवढी एक करडी पेटी होती.

त्या सुमारास आमच्या खाडीची अवस्था वाईट होती. चार वर्षांत नव्वदच्या वरचा एकही जिताडा पाटावर आला नव्हता, आणि लहानही दिसेनासे झाले होते. कुणी कारखान्यांना दोष देई, कुणी तापलेल्या पाण्याला. मी नियम मोडणाऱ्यांना देत होतो. मंडळाची सभा तोंडावर आली होती आणि त्यात साठचं माप सत्तर करायचा ठराव मी लिहून तयार ठेवला होता.

"काका, तुमच्याकडे माशांचे कानखडे आहेत म्हणे," रिद्धी म्हणाली.

होते. जिताडा खाऊन झाला की डोक्यातून दोन पांढरे खडे निघतात, ते मी मंडळातल्या प्रत्येकाकडून मागून आणायचो. का, ते सांगता येणार नाही. मोजणाऱ्या माणसाला पुरावा फेकवत नाही. दोनशे चौदा माशांचे खडे होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत, प्रत्येकीवर वहीतला क्रमांक चिकटवलेला. सगळ्यांत मोठ्या, एकशे चोवीस सेंटिमीटरच्या जिताड्याचे खडे चांदीच्या करंड्यात होते. तो मी स्वतः धरला होता. करंडा वृंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आणि त्यावरून आमच्यात चौदा वर्षं धुसफूस चालू होती.

"घेऊन जा गं बाई सगळे," वृंदा आतून म्हणाली. "करंडा तेवढा ठेव."

रिद्धी हसली आणि तिने ती पेटी आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडली.

तिने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. माशाच्या मेंदूखाली हे खडे असतात. त्यांच्या जोरावर त्याला तोल सांभाळता येतो, आवाज कळतो. मासा जन्मल्यापासून त्या खड्यावर रोज चुन्याचा एक सूक्ष्म थर चढतो, झाडाच्या बुंध्यात वर्षाचं वलय असतं तसा. ज्या पाण्यात मासा राहिला त्या पाण्याची खूण त्या थरात उतरते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य जास्त, गोड्या पाण्यात कमी. मासा आजारी पडला, जखमी झाला, उपाशी राहिला तर थर बारीक आणि गडद होतो. मादीने अंडी घातली की अंगातलं बरंच काही अंड्यांत जातं आणि त्या हंगामाची रेघ वेगळीच उमटते. म्हणजे माशाचं अख्खं चरित्र त्या खड्यात लिहिलेलं असतं. आजवर ते वाचायला मासा मारून खडा कापावा लागे. रिद्धीच्या पेटीत ध्वनिलहरी आणि अगदी क्षीण क्ष-किरण यांचा मेळ घातला होता. जिवंत मासा ओल्या पन्हळीत चाळीस सेकंद धरला की पडद्यावर त्याचं वय, त्याचा प्रवास, नर की मादी, किती वेळा व्याली, सगळं येई. यंत्राचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. कोळीवाड्यात त्याला माशाची पत्रिका म्हणत.

तीन दिवस ती आमच्याकडे येत राहिली. एकेक बाटली उघडायची, खडे पेटीत ठेवायचे, माझ्या वहीतली लांबी आणि तारीख विचारायची. तिसऱ्या दिवशी तिने चहाचा कप बाजूला सरकवला.

"काका, जिताडा जन्मतो तो नर म्हणून. सगळेच. पाच-सहा वर्षांचा झाला, ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेला, की त्याची मादी होते. हे पुस्तकात पूर्वीपासून आहे. पण आपल्या खाडीत त्याचा काय परिणाम झाला ते मोजायला कुणाकडे नोंदी नव्हत्या. त्या तुमच्याकडे निघाल्या."

"मग?"

"नव्वदच्या वरचे एकशे एकतीस मासे आहेत तुमच्या बाटल्यांत. त्यातल्या एकशे तीस माद्या. आपण बावीस वर्षं लहान सोडले आणि मोठे नेले. म्हणजे मुलगे वाचवले आणि आया नेल्या. शिवाय मादी जितकी मोठी तितकी अंडी कितीतरी पटींनी जास्त. तुमच्या करंड्यातली एकटी, पहिल्यांदा व्यालेल्या दहा माद्यांएवढी अंडी घालत होती."

मी पेटी बंद केली. तिची पेटी, माझ्या हाताने. "यंत्र चुकतं," मी म्हणालो. "माणसंही चुकतात, पण ती निदान कबूल करतात."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

*

मोजणीत एक सोय असते. निकाल पटला नाही तर फेरमोजणी मागता येते. रात्रभर तळमळण्यापेक्षा मी तेच केलं. माझ्या चुलतभावाच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, तळं आहे आणि त्यात तो जिताडे पाळतो. सात वर्षांपूर्वी त्याने बोटाएवढी पिल्लं सोडली तेव्हा मी हजर होतो. त्यातला एक मासा मी आणवला, खडे काढले, बिनक्रमांकाच्या बाटलीत घातले आणि माझ्या दोन जुन्या बाटल्यांचे क्रमांकही खरवडून टाकले. तिन्ही बाटल्या रिद्धीपुढे ठेवल्या आणि कुठली कुठली ते सांगितलं नाही.

तिने पहिली वाचली, दुसरी वाचली. दोन्ही वेळा तिने पाण्याच्या खुणांवरून सांगितलेलं साल वहीशी जुळलं. तिसऱ्या बाटलीला ती जरा थांबली.

"हा वेगळाच आहे, काका. सात वर्षांचा, पण याने समुद्र पाहिलेलाच नाही. जन्मभर एकाच मचूळ पाण्यात होता. तळ्यातला का?"

मी मान हलवली. मग मी उठलो, करंडा घेतला आणि त्यातले दोन खडे हातात घेऊन बसलो. चौदा वर्षं त्यांच्याकडे बघून मला अभिमान वाटत आला होता. त्या दिवशी मला लाज वाटली, अशी की वृंदाकडेही बघता येईना. तिने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि जवळ बसली. या वेळी तिने एकही टोमणा मारला नाही, यावरूनच मी किती खचलेला दिसत असेन ते समजा.

"आता किती उरल्यात?" मी रिद्धीला विचारलं.

"खाडीच्या पाण्याचे नमुने घेतलेत. पाण्यात माशाच्या अंगाचे कण असतात, त्यावरून अंदाज येतो. व्यालेली मोठी मादी एकच दिसते. फार तर दोन. आणि मेच्या शेवटी त्या खाडीच्या तोंडाशी येतात."

मेच्या शेवटच्या रविवारी आमच्या मंडळाची स्पर्धा असते. पन्नास गरवे, पन्नास गळ, आणि सगळ्यांत वजनदार जिताडा पाहुण्यांना मान म्हणून द्यायचा.

*

सभेत मी सत्तरचा ठराव फाडला आणि नवा वाचला. साठ ते पंच्याहत्तरमधला एकच मासा न्यायचा. त्याच्या वरचा प्रत्येक जिताडा, कितीही मोठा असो, परत पाण्यात.

आधी हशा पिकला. मग त्यांच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाही.

मंडळाचा अध्यक्ष केतन राऊत. जेट्टीसमोर त्याचं विश्रामगृह आहे, स्वभावाने सरळ, पण पाहुण्यांच्या धास्तीत जगणारा. तो म्हणाला, "काका, बावीस वर्षं तुम्ही आम्हाला पिटाळलंत, लहान सोडा, मोठा न्या. आता म्हणता मोठा सोडा. मग गरवायचं कशाला? हात ओले करायला?"

"मी चुकलो होतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी त्या सभागृहात पहिल्यांदाच बोलत होतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना ते नीट ऐकू आलं नसावं. मला पुन्हा म्हणावं लागलं. तरी ठराव पुढच्या वर्षावर गेला. यंदाची स्पर्धा ठरल्याप्रमाणे, कारण पाहुणे ठरले होते, मंडप ठरला होता, मानाचा जिताडाही जणू ठरला होता.

बाहेर आल्यावर मी रिद्धीला म्हणालो, "एकच मार्ग आहे. ती मासळी दुसऱ्या कुणाच्या गळाला लागायच्या आत मी धरायची, सगळ्यांसमोर आणायची आणि सगळ्यांसमोर सोडायची. नुसतं बोलून कुणाला पटणार नाही. मलाच पटलं नव्हतं."

"कुठे धराल? तुम्ही पाच वर्षांत गळ टाकलेला नाही."

"ज्याला ठाऊक आहे त्याला विचारेन."

मी कुणाबद्दल बोलतोय ते तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "बाबा दार लावून घेतील."

*

हिराजींनी दार लावून घेतलं नाही. ते अंगणात जाळं विणत बसले होते आणि त्यांनी मान वर केली नाही, एवढंच.

"बावीस वरसानी तुमाला आमची वाट गावली," ते म्हणाले.

मी चप्पल काढून अंगणातच बसलो. येताना चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. "हिराजी, त्या दिवशी मी तुमचा अपमान केला. पोरीसमोर केला. माफी मागायला आलोय."

त्यांच्या हातातली सुई थांबली. "मासली मापात नव्हती, ते खरं. मना त्याचा राग नाय. पन साहेब, त्या वर्षी साठच्या आतली मासली कोनाला गावली नाय का? सगल्यांना गावली. कोनी बर्फाखाली घातली, कोनी टोपलीत पाल्याखाली. मी एकलाच तुमच्या पाटावर घेऊन आयलो. जो लपवीत नाय त्यालाच तुमी चोर केलाव."

मी बसल्या जागी वही आठवत होतो. पहिल्या वर्षीची वही. 'परत सोडले' या रकान्यात किती नोंदी होत्या? मला लख्ख आठवलं. एकच होती. बावीस वर्षांत तो रकाना मी हजारदा पाहिला असेन, आणि त्याचा अर्थ मला आज या अंगणात कळत होता. नियम पाळणारा एकमेव माणूस मी जेट्टीवरून घालवला होता.

"मी आंधळा होतो," मी म्हणालो.

हिराजींनी सुई ठेवली. रिद्धी दाराशी उभी होती, तिने बापाला सगळं आधीच सांगितलेलं दिसत होतं. जाळं बाजूला सारून ते म्हणाले, "जुन्या उघाडीपाशी येतंय ती. भरती उतराया लागली का खाजणाचं पानी उघाडीतून भायेर परतं, बारकी मासली वाहून येतंय. ती खाली तोंड करून उभी रव्हतंय. तीन वरसं बगतंय मी तिला. कोनाला बोललो नाय."

"येणार माझ्याबरोबर?"

"तुमच्यासाठी नाय," हिराजी म्हणाले. "तिच्यासाठी येईन."

*

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेनऊला ओहोटी लागली. उघाडी म्हणजे खाजणाच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. तिथलं लाकूड कधीच कुजून गेलं होतं आणि पाणी फेसाळत बाहेर पडत होतं. होडीत आम्ही तिघं. मधे पाण्याने भरलेली लांब पन्हळ, तिला हवेचा छोटा पंप, आणि रिद्धीची पेटी. लांबवर जेट्टीजवळ इतरांच्या होड्या दिसत होत्या. दोन-तीन होड्या आमच्याच दिशेने सरकत होत्या.

हिराजींनी गळ पाहायला मागितला. मी त्याचा उलटा काटा कानशीने घासून गुळगुळीत केला होता, म्हणजे मासा सोडवताना फाटणार नाही. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि बोय लावून दिली. मी गळ टाकला.

अर्धा तास काही झालं नाही. केतनची होडी हाकेच्या अंतरावर आली आणि त्याच्या पाहुण्याने आमच्याच प्रवाहात गळ सोडला. मी दात ओठ खात होतो. तेवढ्यात हिराजी म्हणाले, "आता," आणि माझी काठी पाण्यापर्यंत वाकली.

पुढची वीस मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. दोर सळसळत गेला. हाताच्या शिरा तुटतील असं वाटलं. तिने एकदा पाण्याबाहेर उसळी मारली आणि सगळ्या होड्यांतून एकच आवाज उठला. मला ओढायची घाई झाली की हिराजी मागून माझा खांदा दाबत. "जाव दे तिला. जाव दे. येल." ती थकेपर्यंत ओढायचं नव्हतं, आणि सैल सोडायचंही नव्हतं. हिराजी सांगत गेले आणि मी ऐकत गेलो. अखेर ती कडेला आली. आम्ही दोघांनी ओल्या कापडात तिला तोलून घेतलं आणि पन्हळीत ठेवली. चंदेरी अंग, सोनेरी डोळा, आणि माझ्या मांडीएवढी जाड.

मी तिच्या कल्ल्याकडे पाहिलं आणि तसाच बसलो.

"काय झालं?" रिद्धीने विचारलं.

"जेट्टीवर चल," मी म्हणालो. "आणि मला घरून पहिली वही मागव."

*

जेट्टीवर दोनशे माणसं जमली होती. वृंदा वही घेऊन धापा टाकत आली. पन्हळ पायरीवर, पाण्यातच ठेवली. मी मोजपाट पाण्यात बुडवून मासळीखाली सरकवला. एकशे एकतीस. माझ्या विक्रमापेक्षा सात सेंटिमीटर जास्त.

केतनही धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. "काका, एकदाच काट्यावर लावू. दोन मिनिटं. असा जिताडा पुन्हा दिसायचा नाही."

काट्यावर लावायचा म्हणजे कल्ल्यातून आकडा घालून टांगायचा. माझेही हात शिवशिवले. वजन तीस किलोच्या पुढे असणार हे मला दिसत होतं, आणि आकडा समोर असून तो न लिहिणं मला जन्मात जमलेलं नाही. मी हात पाण्यातच ठेवले.

"नाही," मी म्हणालो. "रिद्धी, पत्रिका वाच."

चाळीस सेकंद दोनशे माणसं पडद्याकडे बघत होती. मग रिद्धी मोठ्याने वाचू लागली. "वय पंचवीस. जन्म या खाडीच्या तोंडाशी. सहाव्या वर्षी मादी झाली. एकोणीस हंगामांत व्याली." ती थांबली आणि तिने पडदा जवळ घेतला. "तिसऱ्या वर्षी एक गडद रेघ आहे. मोठा ताण, बहुतेक जखम. उन्हाळ्याच्या शेवटी. २०२९ साली."

मी वही उघडली. कागद पिवळा पडला होता, अक्षर माझंच होतं.

"२७ मे २०२९," मी वाचलं. "हिराजी नाखवा. लांबी अठ्ठावन्न पूर्णांक सहा. परत सोडला. शेरा: गळामुळे डाव्या कल्ल्याच्या झाकणाला चीर."

मी तिची मान जराशी वळवली. डाव्या कल्ल्याच्या झाकणावर बोटभर लांब, जुनी, बुजलेली चीर होती. पहिल्या रांगेतले वाकून बघू लागले, मागचे टाचा उंचावून.

"त्या वर्षी साठच्या आतला एकच मासा या पाटावर आला," मी म्हणालो. "बाकीचे कुठे गेले ते ज्याचं त्याला माहीत. ज्या माणसाने खरं माप दाखवलं त्याला मी सगळ्यांसमोर बोललो. आणि त्याने सोडलेली ही मासळी एकोणीस वर्षं या खाडीला पिल्लं देत राहिली. तुम्ही आम्ही जे जिताडे खाल्ले त्यातले कितीतरी हिचेच असतील. आता ही एकटी उरली आहे. तिला आज दुसऱ्यांदा कोण सोडतो ते मला बघायचंय."

मंडळातले दोन-चार जुने सभासद जमिनीकडे बघत होते. मग केतनने मागे वळून मंडपाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि हात वर केला. "ठराव आत्ताच घेतो. पंच्याहत्तरच्या वरचा परत पाण्यात, आजपासून. कोण कोण?"

हात एकेक करून वर गेले, मग एकदम सगळे. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनीही हात वर केला; त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण कुणी आक्षेप घेतला नाही.

"सोडा आता," मी हिराजींना म्हणालो. "मासा तुमचा आहे."

हिराजी गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी तिला दोन्ही हातांवर धरून प्रवाहाकडे तोंड करून उभी केली, कल्ले नीट हलेपर्यंत थांबले, आणि हात खाली काढून घेतले. ती क्षणभर तिथेच राहिली. मग शेपटीचा एकच फटका मारून गेली, आणि हिराजी नखशिखान्त भिजले. जेट्टीवर असा जल्लोष झाला की बांधावरचे बगळे उडाले. वृंदा टाळ्या वाजवत होती, केतन नाचत होता, आणि मी, मोजणी खात्यात ज्याला सगळे लाकूड म्हणत, तो पायरीवर बसून ढसाढसा रडत होतो.

*

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस रिद्धीने खाजणात झिरझिरीत जाळं फिरवलं. आदल्या वर्षी तिला त्याच जागी जिताड्याची तीन पिल्लं मिळाली होती. या वेळी चारशे अकरा मिळाली. पुढच्या वर्षी हजारावर. तिसऱ्या वर्षी शेजारच्या चार खाड्यांतल्या मंडळांनी आमचा नियम उचलला, आणि त्यांना मोजपाट करून द्यायला मला सुतार लावावा लागला. नव्या पाटावर पंच्याहत्तरच्या पुढे आकडेच नाहीत, नुसती लाल पट्टी आहे. जेट्टीवरची पाटी मी पुन्हा रंगवली. नवं यमक जमलं नाही, त्याचं कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पाहुण्यांना मान म्हणून आता मोठा मासा सोडायचा मान मिळतो. केतनचं विश्रामगृह त्यासाठी महिनाभर आधी भरतं.

चौथ्या मेमध्ये एका रविवारी मी पाट मांडून बसलो होतो. समोर कुणाची तरी सावली पडली. हिराजी होते. हातात नवी काठी, आणि ओल्या पोत्यात एक जिताडा.

"मोजा," ते म्हणाले.

मी मासा पाटावर ठेवला, तोंड पितळेला टेकवलं, शेपूट सरळ केली. खात्रीसाठी दोनदा मोजला. "अडुसष्ट पूर्णांक दोन. मापात आहे."

"मना म्हाईत हाय," हिराजी म्हणाले. "सांजचे या. वयनींनाबी आना. पोरीच्या निकालाचं जेवन राह्यलंय."

ते पोतं खांद्यावर टाकून निघाले. मी वही उघडली, तारीख घातली, नाव लिहिलं, लांबी लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात मी कधी माशाशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही. त्या दिवशी लिहिलं: हिराजी नाखवा परत आले.